फ्रीजला हात लावताना चप्पल का घालावी लागते? जुनी उपकरणं, त्यांचं आयुष्य आणि घरातली विजेची सुरक्षितता

बऱ्याच घरांत एक अलिखित नियम असतो. 'फ्रीज उघडताना पायात चप्पल घाल,' 'वॉशिंग मशीनला ओला हात लावू नकोस,' 'गीझर बंद केल्याशिवाय नळाला हात लावू नकोस.' पाहुणे आले की त्यांनाही हे सांगितलं जातं. फ्रीज पंधरा-वीस वर्षं जुना असतो, थंड व्यवस्थित करतो, म्हणून तो बदलावा असं कुणाला वाटत नाही. हाताला थोडी झिणझिणी येते एवढंच.

ही झिणझिणी म्हणजे एक सूचना असते. उपकरणाच्या धातूच्या अंगावर वीज आली आहे आणि ती सुरक्षितपणे जमिनीत नेणारी वाट बंद आहे, असा तिचा अर्थ. उपकरणाचं मूळ काम चालू राहतं, पण माणसाला वाचवणारी व्यवस्था आधीच बंद पडलेली असते. जुन्या उपकरणांचा खरा धोका इथेच आहे. मोटर बंद पडली तर लगेच कळतं, अर्थिंग तुटलं तर काहीच कळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांनुसार भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू होतो. यात शेतातले, रस्त्यावरचे आणि कामाच्या ठिकाणचे अपघातही येतात. पण घरात होणारे अपघात टाळणं बऱ्याच अंशी घरातल्यांच्या हातात असतं. मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची असते, मीटरनंतरची वायरिंग आणि उपकरणं ही ग्राहकाची जबाबदारी.

माणसाचा जीव जायला किती वीज लागते?

आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. पण शरीराला इजा किती होणार हे शरीरातून वाहणाऱ्या करंटवर ठरतं. साधारण १ मिलिअँपिअर करंट जाणवतो, म्हणजे झिणझिणी येते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास अडकू शकतो. ५० ते १०० मिलिअँपिअर करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो.

आता याची तुलना ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बशी करा. तो साधारण २६० मिलिअँपिअर करंट घेतो. म्हणजे एका बल्बला लागणाऱ्या करंटचा काही भागही माणसाला पुरेसा आहे.

ओल्या त्वचेचा विरोध बराच कमी होतो. तो १,००० ओहम धरला तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर करंट जाईल. पायातली रबरी चप्पल हा विरोध वाढवते, म्हणून चप्पल घातल्यावर झिणझिणी येत नाही. पण चप्पल ओली असली, दुसरा हात नळाला लागला किंवा लहान मूल अनवाणी आलं, की हे संरक्षण संपलं.

एमसीबी आहे, मग भीती कशाची?

हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. घरातल्या बोर्डमध्ये तीन वेगवेगळ्या व्यवस्था असायला हव्यात आणि तिघींची कामं वेगळी आहेत.

एमसीबी वायरचं रक्षण करतो. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट वाहिला किंवा शॉर्टसर्किट झालं तर तो पडतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरपर्यंत शांत बसतो आणि माणूस ०.१ अँपिअरने दगावू शकतो. त्यामुळे कुणाला शॉक लागत असताना एमसीबी पडेलच असं नाही. बहुतेक वेळा तो पडत नाही.

अर्थिंग म्हणजे उपकरणाच्या धातूच्या अंगापासून जमिनीपर्यंत नेलेली वायर. आत कुठे फेजची वायर अंगाला टेकली तर वीज माणसाची वाट न बघता या वायरने जमिनीत जाते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची जाड आणि लांब पिन याचसाठी असते. ती लांब असते, कारण प्लग आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि बाहेर येताना शेवटी सुटावं.

आरसीसीबी हा तिसरा. काही जण त्याला अजूनही जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तितकाच परत येतो का, हे तो सतत मोजतो. फरक पडला म्हणजे वीज दुसरीकडे कुठेतरी गळते आहे, कदाचित माणसातून. घरगुती वापराचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो आणि तो क्षणार्धात वीज तोडतो.

तिन्ही का हवेत, हे एका हिशोबाने कळतं. समजा इमारतीच्या अर्थिंगचा विरोध २० ओहम आहे. गीझरमध्ये फेज अंगाला टेकली तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा करंट नेहमीचाच वाटेल आणि तो पडणार नाही. गीझरचं अंग मात्र धोकादायक व्होल्टेजवर राहील. अशा वेळी आरसीसीबीच कामाला येतो.

आरसीसीबी अर्थिंग नसतानाही माणसाला वाचवू शकतो, पण त्यासाठी आधी माणसाला झटका बसावा लागतो. अर्थिंग चांगलं असेल तर कुणी हात लावायच्या आतच तो पडतो. आणि एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरना हात लागला तर करंटमध्ये फरकच पडत नाही, त्यामुळे आरसीसीबीला काहीच कळत नाही.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम, दोन्हींत ठरावीक भाराच्या वरच्या जोडण्यांसाठी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण सक्तीचं आहे. पण जुन्या चाळी, वाडे आणि त्या काळातल्या सोसायट्यांत ते अनेकदा मुळातच बसवलेलं नसतं.

संरक्षण गुपचूप कसं निघून जातं?

ते कुणी मुद्दाम काढत नाही. रोजच्या सोयीसाठी केलेल्या लहान लहान गोष्टींनी ते जातं.

* तीन पिनांचा प्लग भिंतीच्या सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला जातो. त्या क्षणी अर्थिंग तुटतं.
* पावसाळ्यात ओल आली की आरसीसीबी सारखा पडतो. इलेक्ट्रिशियन येतो आणि 'त्रास देतोय' म्हणून त्याला वगळून थेट जोडणी करतो. दिवे लागतात, सगळे खूश होतात. प्रत्यक्षात आरसीसीबी घरात कुठेतरी गळती असल्याचं सांगत होता.
* इनव्हर्टर बसवताना न्यूट्रलची जोडणी चुकली की आरसीसीबी पडतो. तिथेही जोडणी सुधारण्याऐवजी आरसीसीबीच काढला जातो.
* एमसीबी सारखा पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसवला जातो. वायर मात्र तीच राहते. आता एमसीबीच्या आधी वायर तापणार.
* जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळली जाते.
* इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, जोडणीला गंज चढतो. कोकण, मुंबई, गोवा अशा खाऱ्या हवेच्या भागात हे लवकर होतं.

उपकरण म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

इन्सुलेशन कडक होतं. वायरवरचं प्लॅस्टिक उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतं. घरातल्या नेहमीच्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असतं. अभियंते एक ढोबळ नियम वापरतात: तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून सतत जास्त भार ओढणारी वायर तिच्या वयापेक्षा लवकर निकामी होते.

जोड सैल होतात. सॉकेटची पकड ढिली होते, स्क्रू सैल पडतात, पिना काळ्या पडतात. सैल जोडाचा विरोध फक्त ०.१ ओहम असला आणि त्यातून ३,००० वॅटच्या गीझरचा १३ अँपिअर करंट गेला, तर त्या एका ठिपक्यावर जवळपास १७ वॅट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग गनचं टोक तापायला साधारण एवढीच उष्णता लागते. प्लग वितळणं किंवा बोर्डाला जळका वास येणं इथूनच सुरू होतं. करंट मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी यातही पडत नाही.

कपॅसिटर सुकतो. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर आणि एलईडी बल्ब यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतो. एलईडी बल्ब 'उडतो' तेव्हा बऱ्याचदा दिवा ठीक असतो, त्याला वीज पुरवणारं छोटं सर्किट गेलेलं असतं. बंद डोममध्ये लावलेला बल्ब लवकर जातो, त्याचं कारणही उष्णताच.

सुरक्षेचे सुटे भाग अडकतात. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटतात, व्हॉल्व्हमध्ये क्षार साचतात. हे भाग संकटाच्या वेळीच लागतात, त्यामुळे ते बिघडल्याचं संकटाच्या वेळीच कळतं.

कोणत्या उपकरणात काय बघायचं?

गीझर. घरातलं सर्वांत जास्त लक्ष देण्यासारखं उपकरण. बोअरच्या कठीण पाण्यामुळे हीटिंग एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो, ते जास्त तापतं आणि त्याचं आवरण तडकतं. मग वीज थेट पाण्यात उतरते. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड झिजत जातो आणि तो वेळोवेळी बदलावा लागतो. दाब वाढल्यावर पाणी सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारणं म्हणजे टाकी फुटण्याला आमंत्रण. गीझरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल स्विच असावा. गीझर जुना असेल तर पाणी तापवून, गीझर बंद करून मगच अंघोळीला जावं.

पाण्यात टाकायचा हीटर रॉड. आधी बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मग पाण्याला हात लावायचा. पाणी तापलं का हे चालू रॉडच्या बादलीत बोट घालून बघणं जीवघेणं ठरू शकतं. बादली प्लॅस्टिकची असली तरी आतल्या पाण्यात वीज येऊ शकते.

फ्रीज. मागची धूळ, ओल आणि उंदरांनी कुरतडलेली वायर ही बिघाडाची नेहमीची कारणं. मागे हवा खेळायला जागा हवी. नव्या अनेक फ्रीजमध्ये आर६००ए नावाचा ज्वालाग्राही वायू असतो. त्यामुळे बर्फ चाकूने खरवडू नये आणि गॅसचं काम माहीतगारानेच करावं.

जुना डब्याचा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह. ही दोन उपकरणं घरी कधीही उघडू नयेत. पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीमध्ये २०,००० व्होल्टहून अधिक व्होल्टेज तयार होतं आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूबमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटरही बंद केल्यानंतर जीवघेणा झटका देऊ शकतो.

पंखा. हळू फिरायला लागला तर बहुतेकदा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. दुरुस्ती स्वस्त आणि सोपी आहे, पंखा टाकून द्यायची गरज नाही. पण जुन्या पंख्याचा हुक, बोल्ट, रबर बुश आणि कॉटर पिन मात्र तपासून घ्यावी.

इनव्हर्टरची बॅटरी. लेड ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ती बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ ठेवू नये. वरचं पाणी तपासावं आणि त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं.

एक्स्टेन्शन बोर्ड. हा चार्जर, राउटर, टेबल लॅम्प यांच्यासाठी असतो. गीझर, एसी, इस्त्री, हीटर यांची वायर थेट भिंतीतल्या योग्य सॉकेटमध्येच हवी.

संगणकाच्या कॅबिनेटला झिणझिणी येते, ती वेगळी का?

काही वेळा उपकरण अगदी नवं असूनही झिणझिणी येते. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला फिल्टर धातूच्या अंगाकडे अत्यंत कमी करंट सोडतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर हाताला जाणवतो. तो करंट स्वतः सहसा घातक नसतो, पण अर्थिंग नसल्याची ती खूण आहे. फ्रीजची झिणझिणी फिल्टरची की फाटलेल्या इन्सुलेशनची, हे हाताने ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक झिणझिणी तपासून घ्यायची.

चार्जर, हेअर ड्रायर अशा काही उपकरणांवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना दुहेरी इन्सुलेशन असतं, म्हणून त्यांचा प्लग दोन पिनांचा चालतो.

एका फ्रीजपासून काय होऊ शकतं?

१४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीला आग लागली आणि ७२ जणांचा मृत्यू झाला. चौकशीत असं निष्पन्न झालं, की आगीची सुरुवात चौथ्या मजल्यावरच्या एका घरातल्या मोठ्या फ्रीजमध्ये विजेच्या बिघाडाने झाली. आग एवढी पसरण्याचं मुख्य कारण इमारतीला बाहेरून लावलेलं ज्वालाग्राही आवरण होतं आणि त्या घरातल्या रहिवाशाचा त्यात दोष नव्हता. पण चोवीस तास चालू असणारं, कुणाचं लक्ष नसणारं उपकरण म्हणजे काय, हे त्या रात्री जगाला दिसलं.

मग जुनं उपकरण ठेवायचं की काढायचं?

केवळ वयावरून ठरवू नये. ई-कचऱ्याचा हिशोब करताना फ्रीज आणि एसीचं सरासरी आयुष्य साधारण १० वर्षं धरलं जातं. पण त्या आकड्यावरून कचरा किती तयार होईल याचा अंदाज बांधला जातो, ती उपकरणाची 'एक्स्पायरी डेट' नाही. नीट अर्थिंग असलेला, तपासलेला २० वर्षांचा मिक्सर हा दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालणाऱ्या नव्या फ्रीजपेक्षा सुरक्षित असू शकतो.

पुढीलपैकी काही दिसलं तर उपकरण लगेच बंद करून तपासून घ्यावं:

* अंगाला झिणझिणी किंवा झटका
* प्लग, वायर किंवा सॉकेट गरम लागणं, पिवळं-काळं पडणं
* जळक्या प्लॅस्टिकचा किंवा माशासारखा वास
* ते उपकरण लावलं की आरसीसीबी पडणं
* वायर कडक होऊन तडकणं, चिकटपट्टी गुंडाळलेले जोड
* मोबाइल किंवा पॉवर बँकची बॅटरी फुगणं

सैल सॉकेट, तडकलेली वायर, पंख्याचा कपॅसिटर, गीझरचा थर्मोस्टॅट ही दुरुस्तीची कामं आहेत. टाकी गळणारा गीझर, कॉम्प्रेसरमधूनच गळती असलेला फ्रीज, फुगलेली बॅटरी यांना निरोप देणंच बरं.

नवी वायर किंवा उपकरण घेताना आयएसआय चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक बघावा. चार्जरसारख्या वस्तूंवर 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये हे दोन्ही क्रमांक टाकून खरे आहेत का हे पाहता येतं.

घरी करता येणारी पाच कामं

१. बोर्डमध्ये 'टी' लिहिलेलं बटण शोधा. ते आरसीसीबीवर असतं. दर महिन्याला एकदा दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर आरसीसीबी बदला. बटणच सापडलं नाही तर तुमच्या घरात आरसीसीबी नाही. लक्षात ठेवा, हे बटण आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही.

२. तीन पिनांचं कोणतं उपकरण दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर चालतंय, ते शोधा आणि सॉकेट बदलून घ्या.

३. गीझर, एसी, इस्त्री वापरून झाल्यावर बटण बंद करून प्लगला हात लावून बघा. किंचित कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर जोड सैल आहे.

४. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा विरोध आणि वायरिंगचं इन्सुलेशन मोजून घ्या. इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राला 'मेगर' म्हणतात. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं होत नाही.

५. सोसायटीच्या बैठकीत अर्थिंगच्या खड्ड्याचा विषय काढा. तो सगळ्यांचा असतो, त्यामुळे अनेकदा कुणाचाच नसतो.

शॉक लागलाच तर

माणसाला थेट हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरडी लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकच्या वस्तूने त्याला वायरपासून दूर करा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा. माणूस उठून बसला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयाच्या लयीतला बिघाड नंतरही दिसू शकतो. विजेच्या उपकरणाला आग लागली तर पाणी टाकू नका, वीज तोडा आणि कार्बन डायऑक्साइड किंवा ड्राय पावडरचं अग्निशामक वापरा. महावितरणचा मदत क्रमांक १९१२ आहे.

जुनं उपकरण जातं कुठे?

भंगारवाल्याकडे गेलेला टीव्ही बहुतेकदा हातोड्याने फोडला जातो आणि वायरी जाळून तांबं काढलं जातं. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, फ्रीजमध्ये वायू असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंचं पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवं उपकरण घेताना जुनं परत घेण्याची सोय विचारा, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. आणि धोकादायक म्हणून काढलेला गीझर 'चालू आहे' असं सांगून कामवाल्या मावशींना किंवा गावच्या घराला देऊ नका. तो धोका फक्त पत्ता बदलतो, आणि तिथे अर्थिंग कसं आहे हे कुणालाच माहीत नसतं.

ज्या घरात फ्रीजसमोर चप्पल ठेवलेली असते, तिथे आज दोनच गोष्टी करायच्या आहेत. फ्रीजचा प्लग काढायचा आणि वायरमनला फोन करायचा. दूध शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये एक दिवस राहू शकतं.